ल्हासा-शिह त्झूचा उन्हाळी कट घरी करताना: आधी जटा, मग मशीन

पॉमेरेनियन (पॉम) कुत्र्याच्या पाठीवर केस कापायचं मशीन फिरवू नका. स्पिट्झ, हस्की, जर्मन शेफर्ड, गोल्डन, लॅब यांच्याही नाही. ज्यांचे केस ठरावीक लांबीला येऊन थांबतात आणि वर्षातून एकदोनदा घरभर पुंजके उडतात, ती सगळी मंडळी यात आली. त्यांचे वरचे राठ केस ऊन अडवतात आणि खालची कापसासारखी लव हवा धरून ठेवते. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. तो अंगातली उष्णता मुख्यतः धापा टाकून बाहेर टाकतो, आणि घाम सुटतो तो पंजांच्या गाद्यांना. त्यामुळे झिरो कट मारला की त्याला गार वाटेल हा आपला समज चुकीचा आहे. उघड्या कातडीला ऊन थेट लागतं. शिवाय पॉम, हस्की यांच्यात कापलेले केस कित्येकदा महिनोन् महिने परत येत नाहीत, आणि येतात ते आधी नुसती लव, तीही ठिगळाठिगळांनी. यांना उन्हाळ्यात मेलेली लव काढून हवी असते: अंडरकोट रेक (खालची लव काढणारा लांब दातांचा कंगवा) आणि स्लिकर ब्रश (बारीक, वाकड्या तारांचा ब्रश) घेऊन आठवडाभर रोज वीस मिनिटं, मग अंघोळ, मग मुळापर्यंत वाळवणं. पंजे आणि शेपटीखालचा भाग साफ करा, पोटावरचे केस बारीक करा म्हणजे त्याला गार फरशीवर पोट टेकता येईल. तेवढं पुरतं.

पुढचं सगळं ल्हासा, शिह त्झू, माल्टीज, पूडल आणि त्यांच्या मिश्र पिल्लांसाठी आहे. यांचे केस वाढतच राहतात, त्यामुळे ते कापावेच लागतात.

वेळ: फेब्रुवारीचा शेवट ते होळी. मे महिन्यात कुत्रा बेजार झाल्यावर मशीन शोधायला जाऊ नका. होळीच्या आत कट झाला तर उन्हाची धार चढेपर्यंत कातडीवर पुरेशी सावली तयार झालेली असते, आणि धुळवडीचा रंग लांब केसांत अडकून बसत नाही. विदर्भात आणि मराठवाड्यात ऊन लागण्याची भीती जास्त, म्हणून केस थोडे लांब ठेवा. कोकणात आणि मुंबईत हवाच दमट असल्यामुळे धापा टाकूनही कुत्रा लवकर गार होत नाही. तिथे पोट, काखा आणि जांघा मोकळ्या असणं जास्त महत्त्वाचं.

ब्लेडच्या आकड्यांत नवखे नेहमी फसतात: आकडा जितका मोठा, तितके केस आखूड. १० नंबर साधारण दीड मिलिमीटर केस ठेवतो, ७ एफ सव्वातीन, ५ एफ सव्वासहा, ४ एफ साडेनऊ. उन्हाळी कटासाठी अंगावर ५ एफ किंवा ४ एफ, म्हणजे सहा ते दहा मिलिमीटर. यापेक्षा कमी करू नका. पांढऱ्या आणि फिकट रंगाच्या कुत्र्यांची कातडी बऱ्याचदा गुलाबी असते, ती उन्हाने चटकन भाजते. ७ एफ फक्त जटा फार झालेल्या कुत्र्यासाठी, आणि १० नंबर पोट, शेपटीखाली, पंजे आणि जटा यांच्यासाठी. ३० आणि ४० नंबर घरी उघड्या कातडीवर वापरायचेच नाहीत. ४, ५, ७ या आकड्यांची एफ नसलेली, एक दात लांब-एक आखूड अशी ब्लेडं स्वस्त मिळतात म्हणून घेऊ नका. त्या दातांच्या फटीत सैल कातडी शिरते. आणि दाढीचा ट्रिमर कपाटातच राहू द्या. एवढ्या दाट केसांत त्याची मोटर दमते, केस कापण्याऐवजी ओढते, आणि कुत्रा जन्मभर मशीनला घाबरतो.

बाकी सामान: स्लिकर ब्रश, बारीक आणि रुंद असे दोन्ही दात असलेला स्टीलचा कंगवा, गोल टोकाची कात्री, मशीनचं तेल. टेबलावर रबरी मॅट हवीच. पाय घसरला की कुत्रा झटका देतो आणि त्याच क्षणी कापतं.

जटा

मशीन फिरवणं सोपं आहे. कातडी फाटते, कुत्रा चावतो, कट उंदरांनी कुरतडल्यासारखा दिसतो, हे सगळं जटांमुळे होतं. एकूण वेळेतला अर्ध्याहून जास्त वेळ इथेच गेला पाहिजे.

वरवर ब्रश फिरवलेला ल्हासा वरून रेशीम आणि खाली घोंगडी असतो. हात फिरवला तर मऊ लागतो, पण मुळाशी केसांचा नमदा झालेला असतो. म्हणून कुत्र्याला कुशीवर निजवा आणि मागच्या पायाच्या पंजापासून सुरुवात करा. डाव्या तळहाताने सगळे केस वर दाबून धरा, म्हणजे खाली भांगासारखी कातडीची एक रेघ दिसेल. त्या रेघेच्या वरचे बोटभर केस खाली सोडा, स्लिकरने विंचरा, मग त्यातून कंगवा काढा, आधी रुंद दात, मग बारीक. कंगवा कातडीपासून टोकापर्यंत सरळ आला तर पुढची रेघ. असं करत पाठीच्या कण्यापर्यंत चढायचं. कातडीची रेघ दिसत नसेल तर तुम्ही वरवरच विंचरताय. गोचीड असतील तर त्याही याच वेळी सापडतात. बोटांच्या फटी आणि कानांच्या मागे नीट बघा.

कंगवा अडेल त्या जागा ठरलेल्या असतात: कानांच्या मागे, पट्ट्याखाली, हार्नेस घासतो तिथे, काखेत, मांड्यांच्या आतल्या बाजूला, शेपटीच्या बुडाशी.

हे सगळं अंघोळीच्या आधी. "अंघोळ घाला, कंडिशनर लावा, जटा सुटतील" हा सल्ला ऐकू नका. जट पाण्याने आवळते, वाळली की आणखी घट्ट होते आणि तिच्या पोटात शाम्पू अडकून कातडीला खाज सुटते. खोबरेल तेल चोपडण्याचा सल्लाही तसाच. तेलात धूळ बसते, ब्लेड चिकटतं, आणि जट तशीच राहते.

सुपारीएवढी जट सोडवता येते. तिच्यावर चिमूटभर कॉर्नफ्लोअर चोळा, म्हणजे केस एकमेकांवरून सरकतात. मग बोटांनी कडेकडेने फाडत तिचे दोन-तीन तुकडे करा. एका हाताच्या चिमटीत जटेचं मूळ कातडीलगत घट्ट धरा, म्हणजे ओढ तुमच्या बोटांवर येईल, कातडीवर नाही. कंगव्याच्या कडेच्या दातांनी टोकाकडून सुरुवात करा आणि थोडं थोडं मुळाकडे जा. एका जटेवर पाच मिनिटांपेक्षा जास्त खर्च करू नका. तेवढ्यात सुटली नाही तर ती कापायची जट आहे.

आणि ती कात्रीने कापायची नाही. का, ते काखेतली एखादी जट चिमटीत धरून किंचित उचलून बघा. तिच्याबरोबर कातडी तंबूसारखी वर येते. तिथली कातडी कागदासारखी पातळ असते, जटेच्या मुळाशी ती केसांतच गुंफलेली असते, आणि धुळीने दोन्ही एकाच राखाडी रंगाची दिसतात. केस कुठे संपले आणि कातडी कुठे सुरू झाली हे डोळ्याला कळत नाही. कात्रीचं एक पातं खाली सरकवलं की तुम्ही त्या तंबूचं टोकच उडवता. कातडी सैल असल्यामुळे जखम लगेच उघडते आणि रुपयाएवढी होते. तिला टाके लागतात. कंगवा जटेखाली घालून त्याच्यावरून कापा असंही सांगतात. पाठीवरच्या मोकळ्या जटेला ते चालतं, काखेत आणि जांघेत नाही, कारण तिथे कंगव्याच्या दातांमधूनही कातडी वर येते.

बरोबर पद्धत ही: मशीनला १० नंबर ब्लेड लावा. मोकळ्या हाताने जटेच्या अलीकडची कातडी ताणून सपाट करा. ब्लेड कातडीवर आडवं ठेवा, टोक खुपसू नका. केसांच्या दिशेने जटेच्या खाली अर्ध्या-एका सेंटिमीटरच्या छोट्या छोट्या हालचालींनी शिरा. जट वर ओढू नका, नाहीतर परत तंबू होईल. ती आपोआप संत्र्याच्या सालीसारखी उलटत सुटते. खालची कातडी गुलाबी, ओलसर, कधी लालही दिसते. हवा लागली की बरी होते. पाणी सुटलं असेल, वास येत असेल किंवा फोड असतील तर थांबा आणि डॉक्टरांना दाखवा. पावसाळ्यात अशा जागी माश्या अंडी घालतात आणि अळ्याही होतात.

कानांना जपा. कान जटेने फळीसारखे घट्ट झाले असतील तर ते मोकळे झाल्यावर कुत्रा जोरजोरात डोकं झटकतो, आणि त्या फटक्याने कानाच्या आत रक्त साचून कान फुगतो. असे कान मोकळे केल्यावर मऊ सुती कापडाची सैल पट्टी डोक्याभोवती बांधून कान काही तास दाबून ठेवा. गळ्याशी मात्र दोन बोटं आत जायला हवीत.

सगळं अंगच नमद्यासारखं झालं असेल, तर केस वाचवण्याचा हट्ट सोडा आणि ७ एफने किंवा १० नंबरने सरसकट आखूड करा. दीड तास ओढाताण सोसलेला कुत्रा पुढच्या वेळी ब्रश बघताच पलंगाखाली जाऊन बसतो, आणि मग जटा वाढतच जातात. तो हात लावू देत नसेल, कळवळत असेल, तर हे काम डॉक्टरांकडे भूल देऊनच व्हायला हवं. यात हार मानण्यासारखं काही नाही.

मशीन

जटा गेल्या की अंघोळ घाला आणि ड्रायर मंद गरम ठेवून मुळापर्यंत वाळवा. ओलसर केसांवर ब्लेड रेघा सोडतं, मळलेल्या केसांवर एका कटात बोथट होतं.

मानेपासून शेपटीकडे, मग खांद्यापासून खाली, मग बरगड्या. केस ज्या दिशेने झुकतात त्याच दिशेने चला. उलट्या दिशेने फिरवलं तर लांबी साधारण निम्मी होते आणि ५ एफचा कट भादरल्यासारखा दिसतो. ब्लेड सपाट, हात हलका, वेग संथ. रेघा पडत असतील तर दाबू नका. परत विंचरा आणि पुन्हा फिरवा.

ब्लेड तापतं, आणि कुत्रा ते सांगू शकत नाही. दर तीन-चार मिनिटांनी ब्लेड मनगटाच्या आतल्या बाजूला टेकवा. तुम्हाला चटका जाणवला तर त्याच्या पोटाला तो जास्तच लागेल. दोन ब्लेडं असतील तर आलटून पालटून वापरा. एकच असेल तर काढून शहाबादी फरशीवर किंवा स्टीलच्या ताटात पालथं ठेवा, दोन-तीन मिनिटांत निवतं. कुत्र्यालाही तेवढी विश्रांती मिळते. तेलाचे दोन थेंब सुरुवातीला आणि मध्ये एकदा. शिलाई मशीनचं तेल चालतं.

मांडी आणि पोट जिथे जुळतात तो कातडीचा पडदा, काखेतला तसाच पडदा, कानाची कड, टाचेमागची शीर आणि सड, इथे प्रत्येक वेळी आधी बोटाने चाचपा, कातडी ताणा, मगच मशीन. नर कुत्र्यालाही सड असतात, हे विसरून पुष्कळांच्या हातून कापलं जातं. कानाच्या बाहेरच्या कडेला बुडाशी एक छोटी दुमड असते. कानाची कड मधून बाहेर अशीच फिरवा, कडेला समांतर नाही. पाय उचलताना पुढे किंवा मागे घ्या. बाजूला फाकवला की सांधा दुखतो आणि झटका बसतो.

चेहऱ्याला मशीन नको. हनुवटीखालची दाढी मुठीत धरली की डोकं स्थिर राहतं. मग गोल टोकाची कात्री, पातं नाकाच्या रेषेला समांतर, टोक कधीही डोळ्याकडे नाही. शिह त्झूला मानगुटीला धरून दाबू नका आणि पट्टा आवळून बांधू नका. बसक्या नाकाच्या कुत्र्यांचे डोळे उथळ खोबणीत असतात, दाबाने डोळा बाहेर येऊ शकतो. तोंड बांधून काम करायचं असेल तर यांच्यावर करूच नका. धापा टाकता आल्या नाहीत तर ते टेबलावरच गुदमरतात. जीभ गडद झाली किंवा धाप थांबेना, तर कट अर्धा राहू दे, त्याला पंख्याखाली घ्या.

पंज्यांखाली गाद्यांच्या पातळीला केस कापा. गाद्यांमधल्या खोल फटीत ब्लेड घालू नका. केस आखूड राहिले तर पावसाळ्यानंतर कुसळ अडकलेलं लगेच दिसतं.

नंतरचे दोन दिवस

रात्री आणि दुसऱ्या दिवशी तो कुठली जागा सारखी चाटतोय, ढुंगण घासतोय का, ते बघा. तिथे लाली असेल तर गार पाण्याचा फडका दिवसातून तीन-चारदा ठेवा आणि चाटू देऊ नका. टी ट्री तेल लावू नका, ते कुत्र्याच्या पोटात गेलं तर विष आहे. घरातलं फिनेलसारखं जंतुनाशकही नाही. बारीक चिरेवर स्वच्छ सुती कापड पाच मिनिटं न उचलता दाबून धरा. कडा फाकल्या असतील तर कितीही छोटी दिसली तरी टाक्यांसाठी त्याच दिवशी न्या.

पहिला आठवडाभर फिरवणं सकाळी आठच्या आत आणि सूर्य मावळल्यावर. डांबरावर हाताची मागची बाजू सात सेकंद टेकवता येत नसेल तर त्याच्या पायांनाही ते नको.

ब्लेड लगेच साफ करा, उद्यावर टाकू नका. जुन्या दातब्रशने केस काढा, दोन्ही पात्यांच्या मध्ये तेल सोडा, मशीन दहा सेकंद चालवा, जास्तीचं पुसा आणि तेलकट कागदात गुंडाळून डब्यात ठेवा. पावसाळ्याच्या तोंडावर दुसरा कट करायचा आहे, आणि दमट हवेत उघडं ठेवलेलं ब्लेड तोवर गंजून जातं.