तान्ह्या पोळ्याच्या आधी

विदर्भात शाळा जूनच्या शेवटी उघडते, म्हणजे तान्हा पोळा, म्हणजे लहान मुलांचा लाकडी बैलांचा सण, येईपर्यंत पहिलीच्या बाईला दोन-अडीच महिने मिळतात. तेवढ्यात बुजरं पोट्टं खेळात शिरायला हवं.

त्याला "मला घेता का?" हे विचारायला शिकवू नका. त्यावर "नाही" म्हणणं फार सोपं असतं. आधी दोन मिनिटं बाजूला उभं राहून खेळ बघायला सांगा. दुकान-दुकान चाललंय? मग जवळ जायचं आणि म्हणायचं, "काकू, अर्धा किलो संत्री द्या." गिऱ्हाइकाला कोण हाकलतं! हे मी डब्याच्या सुट्टीआधी त्याच्यासोबत दोनदा करून बघते, दुकानदारीण मीच.

भांडण झालं तर सगळ्या वर्गासमोर माफी मागायला लावू नका. मी एकदा लावली होती, पोरगा दोन दिवस बोलला नाही. आता दोघांना व्हरांड्यात नेऊन एकच विचारते, "आता काय केलं की बरं वाटेल?" बहुतेक वेळा उत्तर खोडरबराशी येऊन थांबतं.

घरच्यांसाठी एक काम. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लाकडी बैल घेऊन निघाल की दारातली बेल त्यालाच वाजवू द्या. "नमस्कार काकू, माझा बैल बघा" एवढं त्यानंच म्हणायचं, बोजारा, म्हणजे बैल दाखवल्यावर मिळणारे पैसे किंवा खाऊ, त्यानंच घ्यायचा. तुम्ही दोन पायऱ्या खाली थांबा. आणि "बोल ना, बोल ना" असं मागून ढोसू नका, त्यानं जीभ आणखी अडकते.