टायसन ‘ऑल टाईम ग्रेट’ आहे का, हा वाद नीट घालायचा कसा

माईक टायसनचं नाव निघालं की पाच मिनिटात दोन पार्ट्या पडतात. एक म्हणते असा बॉक्सर परत होणे नाही, दुसरी म्हणते त्याने हरवलं कुणाला ते सांगा आधी. मग नुसता आवाज चढतो.

आधी कशावर वाद घालताय ते ठरवून घ्या. पीकला, म्हणजे ऐन भरात असताना, किती भारी होता हा एक प्रश्न आणि अख्खं करिअर किती मोठं हा वेगळा. पीकवर मी तरी टायसनच्या बाजूने कधीही उभा राहीन: 22 नोव्हेंबर 1986 ला ट्रेव्हर बर्बिकला दुसऱ्याच राऊंडला झोपवलं, वय 20, आजपर्यंतचा सगळ्यात तरुण हेवीवेट चॅम्पियन. जून 1988 मधे मायकेल स्पिंक्स, जो तोवर एकदाही हरला नव्हता, 91 सेकंदात खल्लास.

करिअरवर आलात की 50 फाईट जिंकला, 44 नॉकआउट, असे आकडे नुसते फेकू नका, प्रत्येक मोठ्या नावापुढे त्या दिवशी दोघांचं वय काय होतं ते लिहा, अर्धा वाद तिथेच मिटतो. लॅरी होम्सला चौथ्या राऊंडला पाडलं हे खरं, पण होम्स तेव्हा 38 चा आणि पावणेदोन वर्षं रिंगबाहेर. आता हीच पट्टी उलटी पण लावा. टायसन इव्हँडर होलिफिल्ड आणि लेनॉक्स लुईसकडून हरला, त्यावर त्याचे फॅन म्हणतात त्यांच्यापुढे आला तोवर तो संपला होता. पण 1996 ला होलिफिल्ड 34 चा होता आणि टायसन 30 चा, 2002 ला लुईस सुद्धा टायसनपेक्षा वयाने मोठाच होता. तुरुंगात तीन वर्षं गेली हा मुद्दा मात्र खरा आहे, तो सोडू नका, फक्त समोरचा मुहम्मद अलीचं नाव काढणार हे धरून चला, कारण 1967 ते 1970 अलीची पण साडेतीन वर्षं बंदीमुळे रिंगबाहेर गेली आणि तरी त्याने 1974 ला जॉर्ज फोरमनकडून टायटल परत घेतलं.

आणि कृपा करून हायलाईट्स बघून वाद घालू नका!! टोकियोची 11 फेब्रुवारी 1990 ची बस्टर डग्लसवाली फाईट पहिल्या राऊंडपासून बघा. टायसनचा डोळा सुजत जातो आणि कॉर्नरमधे त्याच्या माणसांकडे सूज दाबायची धड धातूची पट्टीही नाही, रबरी ग्लोव्हमधे थंड पाणी भरून डोळ्यावर धरतात. केविन रूनी, म्हणजे त्याचा जुना ट्रेनर, तेव्हा बरोबर नव्हता. आठव्या राऊंडला डग्लस पडतो, तिथे रेफरीचा दहापर्यंतचा काऊंट हळू झाला म्हणून लोक अजून भांडतात, पण पडलेला बॉक्सर रेफरीचाच काऊंट ऐकणार ना, घड्याळ थोडीच बघणार. मग दहावा राऊंड. डग्लसने पाडलेला टायसन गुडघ्यावर, हाताने चाचपडत माऊथपीस (दातांवरचं रबरी कव्हर) शोधतोय, सापडल्यावर कसाबसा एका टोकाने दातात धरतो, बाकीचा तोंडाबाहेर लटकतोय, आणि तसाच उठायला बघतो, पण फाईट तिथेच संपते, टायसन हरतो. हिंमत नव्हती असं हे बघून कुणी म्हणूच शकत नाही.

पण माझा खरा मुद्दा इथेच आहे. होम्सला 1979 मधे अर्नी शेव्हर्सने सातव्या राऊंडला आडवा केला होता, असा पडला की संपलंच वाटावं, तो उठला आणि अकराव्यात शेव्हर्सलाच थांबवलं. अली 1963 ला हेन्री कूपरच्या हुकने पडला, पुढच्याच राऊंडला जिंकला. म्हणून माझ्या हेवीवेट यादीत टायसन पीकला पहिल्या पाचात आणि करिअरला दहाच्या बाहेर. समोरचा ऐकत नसेल तर एवढंच विचारा, खाली पडून उठला आणि मग जिंकला अशी टायसनची एक फाईट सांग. त्याला सांगता येणार नाही, कारण तशी एकही नाहीये.