ज्ञान पोस्टात पुस्तकं अडली, मग कशी गेली

आमच्या वाचनालयाची पुस्तकं नागपूरहून गडचिरोली-अमरावतीच्या शाळांना पाठवायची होती, पण काउंटरवर ज्ञान पोस्टाचा, म्हणजे टपाल खात्याच्या पुस्तकं स्वस्तात पाठवायच्या सेवेचा, दर लागेना, कारण मी प्रत्येक पाकिटात एका दुकानाचं सवलतीचं पत्रक टाकलं होतं अन् त्यात जाहिरात चालतच नाही, पुस्तकावर प्रकाशकाचं नाहीतर मुद्रकाचं नावही लागतं. रात्री बसून सगळी पत्रकं काढली, वर ठळक ‘ज्ञान पोस्ट’ लिहिलं, पिनकोड पाहून गठ्ठे केले, 442 वेगळा, 444 वेगळा, पोरगा सुतळी बांधून राहिला होता. 300 ग्रॅमपर्यंत 20 रुपये, म्हणून वजन घरीच करा. एक पाकीट 310 भरलं, आतला जाड पुठ्ठा काढला तर 285! पोरांपर्यंत पुस्तकं पोहोचायलाच पाहिजेत. दुसऱ्या दिवशी सगळी गेली.