ख्रिस्ती माणसानं मार्क्स कसा वाचायचा, निपाणी-बेळगावकडच्या आपल्या पोरांसाठी

आमच्या चर्चच्या मंडळीतल्या दोघा पोरांनी विचारलं, आक्का, आम्ही युनियनच्या मीटिंगला जातोय, तिथं मार्क्सचं, म्हणजे साम्यवादाचा पाया घालणाऱ्या त्या जर्मन विचारवंताचं सांगतात, आणि घरात म्हणतात की ते देव न मानणारे लोक, मग दोन्ही चालतंय की नाही? तेव्हा तोंडी जे सांगितलं तेच इथं सविस्तर लिहितेय. माझं उत्तर आधीच सांगून टाकते. काही भाग चालतोय, काही अजिबात नाही, आणि कुठला चालतोय ते ज्याचं त्यानं पवित्र शास्त्र उघडून तपासायला लागतंय.

सुरुवात मार्क्सच्या "धर्म म्हणजे अफू" इथनं करू नका. सगळे तिथनंच करतात आणि पाच मिनिटांत भांडण. सुरुवात मजुरीपासनं करा.

माझी आई निपाणीत विड्या वळायची. मालक पानं आणि तंबाखू वजन करून देणार, हजार विड्यांमागं मजुरी ठरलेली, पानं कमी पडली तर ती स्वतःच्या पैशानं आणायची, आणि संध्याकाळी विड्या द्यायला गेलं की त्यातल्या मूठ-मूठ विड्या "छाट" म्हणून बाजूला काढायचे. त्या छाटीची मजुरी नाही, आणि त्या विड्या परतही नाहीत, त्या मालकाकडंच. आई घरी येऊन गप्प बसायची. आता कागद घ्या आणि लिहा, दिवसभरात तिनं किती विड्या वळल्या, त्या बाजारात कितीला गेल्या, त्यातनं पान-तंबाखूचे, गाडीभाड्याचे पैसे वजा करा, मग तिच्या हातात किती आले ते बघा. मधला जो फरक राहतोय त्यालाच मार्क्स वरकड मूल्य म्हणतो. छाट तर त्याच्याही वरची लूट. उद्यमबागच्या फौंड्रीत किंवा वडगावच्या मागावर काम करणाऱ्यांनी आपापला हिशोब असाच मांडायचा, पुस्तकाच्या आधी.

हिशोब झाला की त्याच कागदाशेजारी याकोबाच्या पत्राचा ५ वा अध्याय ठेवा, ४ थं वचन. शेत कापणाऱ्यांची अडवून ठेवलेली मजुरी ओरडतेय आणि ती ओरड सेनाधीश परमेश्वराच्या कानी गेलीय, असा त्याचा अर्थ. मी हे वचन लहानपणापासनं ऐकलेलं, पण आईची छाट आठवून वाचलं तेव्हा माझ्या हातापायातलं बळच गेलं. मग आमोस संदेष्ट्याचं पुस्तक वाचा, लूक १ मधलं मरियेचं स्तोत्र वाचा (बलवानांना आसनांवरनं खाली ओढलं, भुकेल्यांना तृप्त केलं), लेवीय २५ मधलं योबेल वर्ष वाचा, पन्नासाव्या वर्षी जमीन मूळ कुटुंबाकडं परत. हे सगळं मार्क्स जन्मायच्या कितीतरी शतकं आधीचं.

प्रेषितांची कृत्ये २ आणि ४ मात्र सावकाश वाचायचे. पहिल्या मंडळीत सगळं समाईक होतं, आणि ज्याला जशी गरज तसं वाटलं जायचं. मार्क्सनं १८७५ साली लिहिलं की प्रत्येकाकडून कुवतीप्रमाणं, प्रत्येकाला गरजेप्रमाणं, ते वाचून आपले कॉम्रेड लोक खूश होतात की बघा, तुमचं बायबल पण आमचंच. थांबा, लगेच ५ वा अध्याय उघडा. तिथं जमीन विकून थोडे पैसे लपवलेल्या हनन्याला प्रेषित पेत्र म्हणतो की जमीन विकायच्या आधी तुझीच होती की, विकल्यावर पैसेही तुझ्याच हातात होते. म्हणजे तिथं जबरदस्ती नव्हती, दोष खोटं बोलण्याचा होता. सरकारनं बंदूक दाखवून काढून घेणं आणि पवित्र आत्म्यानं माणसाची मूठ उघडणं, या दोन गोष्टी एक करू नका.

आता अफूकडं या. ते वाक्य १८४४ साली छापलेल्या लेखातलं, हेगेल या जर्मन तत्त्ववेत्त्याच्या कायद्याच्या तत्त्वज्ञानावरच्या टीकेची प्रस्तावना म्हणून लिहिलेलं. अख्खा परिच्छेद वाचायचा. धर्म म्हणजे दबलेल्या जिवाचा उसासा, निर्दय जगाचं काळीज, असं तो त्याच्या आधी म्हणतो, आणि त्या काळात अफू औषध म्हणून दुखण्यावर घेत होते. शिवी तेवढीच नाही त्यात. पण म्हणून मार्क्स गुपचूप आपल्या बाजूचा होता असंही कुणाला सांगू नका, ते खोटं होईल, कारण त्याला धर्म संपायलाच हवा होता, दुःख संपलं की उसासा संपेल असं त्याचं म्हणणं. इथं माझी वाट वेगळी होते. आईला मजुरी पुरी मिळाली असती तरी तिनं प्रार्थना सोडली नसती, मरण, पाप, क्षमा हे प्रश्न पगारवाढीनं सुटत नाहीत.

म्हणून मार्क्सचे तुकडे करा. मजुरीचं, मालकीचं विश्लेषण घ्या. देव नाही, जे आहे ते फक्त जड द्रव्य, हे तत्त्वज्ञान ख्रिस्ती माणसाला घेता येत नाही, इथं गोलमाल बोलू नका. आणि सत्ता कशी घ्यायची, कशी चालवायची हा भाग प्रत्येक ठिकाणी काय घडलं ते बघून तपासा. मॉस्कोचं ख्रिस्त तारणाऱ्याचं कॅथीड्रल साम्यवादी सरकारनं १९३१ साली सुरुंग लावून पाडलं, अल्बानियानं १९६७ साली सगळी प्रार्थनाघरं बंद केली. कॉम्रेडबरोबर बसताना हे बोलायचं, लाजायचं नाही.

असे तुकडे करता येतच नाहीत, असंही काही जण म्हणतात, आणि ते साधे लोक नव्हेत. १८९१ च्या पत्रकात पोप लिओ तेरावे यांनी कामगारांच्या संघटनेचा आणि पोट भरेल अशा मजुरीचा हक्क मानला, पण समाजवाद नाकारला. १९३७ साली पोप पायस अकरावे यांनी साम्यवाद मुळातच चुकीचा म्हटलं. पुढं पेरू देशाचे फादर गुस्ताव्हो गुटिएरेझ यांनी १९७१ च्या पुस्तकातनं मुक्तीचं ईश्वरविज्ञान मांडलं, गरिबांच्या बाजूनं उभं राहणं हाच विश्वास. त्यावर १९८४ साली कार्डिनल रात्झिंगर, जे नंतर पोप झाले, यांच्या कार्यालयानं इशारा दिला की मार्क्सचं विश्लेषण घेतलं की मागोमाग नास्तिकपणही येतोय. आम्ही मेथडिस्ट, पोपचं आम्हाला बंधन नाही, तरी हा इशारा मी गंभीरपणे घेते, कारण वर्गसंघर्षाचं ऐकता ऐकता मालकाच्या पोराबाळांचाही द्वेष करायला लागलेली माणसं मी बघितलीत. पण छाट मोजायला मला नास्तिक व्हावं लागलं नाही. संप करा, घेराव घाला, मालकाचं नाव घेऊन प्रार्थनाही करा. ते अवघड आहे, माहितीय मला.

आपल्या मराठी माणसांनी बाबासाहेबांचं काठमांडूचं भाषण जरूर वाचावं, नोव्हेंबर १९५६ चं, बुद्ध की मार्क्स या विषयावरचं. दुःख दूर करायचं ध्येय सारखं पण मार्ग वेगळे, हिंसा आणि हुकूमशाही नको, अशी त्यांची मांडणी. ती बुद्धाच्या बाजूनं आहे, ख्रिस्ताच्या नव्हे, पण एखादा विचार चाळणीतनं कसा काढायचा ते त्यातनं शिकता येतंय.

आता प्रत्यक्षात काय करायचं. एकट्यानं वाचू नका, चार-पाच जण बसा, एक पाळकसाहेबांना बोलवा आणि एक युनियनच्या जुन्या माणसाला, दोघांना एकाच दिवशी. आपल्याकडं मराठी-कानडी वाद लगेच पेटतोय, पण आमच्या गल्लीत विड्या वळणाऱ्या बायका मराठी, कानडी, उर्दू सगळ्या भाषांच्या होत्या आणि छाट सगळ्यांचीच निघायची, ते ध्यानात ठेवून दोन्ही भाषांतली शास्त्रं आणायला सांगा.

युनियन आणि कम्युनिस्ट पार्टी एक नव्हेत. युनियनची पावती फाडायला कुणी तुमचा विश्वास विचारत नाही, बिनधास्त फाडा. पार्टीचं कार्ड घ्यायच्या आधी मात्र सरळ विचारा की मी दर रविवारी उपासनेला जाणार, मुलांचा बाप्तिस्मा करणार, चालतंय काय? रशियन क्रांतीचा पुढारी लेनिन, त्यानं १९०५ साली लिहिलं होतं की देव मानणाऱ्यांना पार्टीत यायला बंदी नाही. पण २०१० साली केरळचे माजी खासदार के. एस. मनोज यांनी माकप, म्हणजे मार्क्सवादी कम्युनिस्ट पार्टी सोडली, कारण पुढाऱ्यांनी धार्मिक विधींपासनं लांब राहावं असं पार्टीचं म्हणणं त्यांच्या विश्वासाला पटलं नाही. म्हणजे साधा सभासद असताना अडचण येत नाही, वर चढताना येऊ शकते, हे आधी माहीत असलेलं बरं.

घरात काका लोक ओरडतील. त्यांच्याशी मार्क्सचं नाव न काढता याकोब ५ वाचा, मग आईच्या छाटीचं सांगा, आमच्या घरात तेवढ्यानंच निम्मा आवाज खाली आला. आणि मीटिंग रविवारी सकाळी दहाला ठेवली असेल तर सेक्रेटरीला सांगा की दुपारी तीनला घ्या, आम्ही सात-आठ जण चर्चमधनं थेट येतो.