घरातले बर्ड ऑफ पॅराडाइज गोव्याच्या पावसात कसे टिकवावे

बर्ड ऑफ पॅराडाइज हे पक्ष्याच्या चोचीसारख्या फुलाचे झाड घरात ठेवण्याबद्दल जे सल्ले वाचायला मिळतात, ते बहुतेक थंड देशांतले. तिथे हीटरने हवा कोरडी पडते, म्हणून पानांवर पाणी फवारा म्हणतात. आपल्याकडे जूनमध्ये कपाटातल्या चामड्याच्या चपलांना बुरशी येते, तिथे आणखी फवारायचे कशाला? गोव्यात हे झाड तहानेने क्वचितच मरते. जुलै-ऑगस्टच्या काळोखात मुळे कुजून मरते. म्हणून सगळी मेहनत ऊन आणि निचरा या दोन गोष्टींवर घ्यायची.

रोप घेताना

नर्सरीत याच नावाखाली बऱ्याचदा हेलिकोनिया मिळते. त्याची पाने हळदीच्या पानासारखी पातळ असतात आणि ते कुंडीपेक्षा परसातच शोभते. खऱ्या झाडाची, म्हणजे स्ट्रेलित्झिया रेजिनीची पाने जाड, राखट हिरवी, चामड्यासारखी असतात आणि पंख्यासारखी दोन बाजूंना उघडतात. पांढऱ्या फुलांची निकोलाय ही जात दिसायला भारी, पण ती मुळात वृक्षासारखी वाढणारी. फ्लॅटमध्ये छताला टेकते आणि फुलत सहसा नाही. फूल हवे असेल तर रेजिनीच घ्या आणि तीन-चार फुटवे असलेले जुने रोप शोधा. बियांपासून केलेले रोप फुलायला चार-पाच वर्षे सहज घेते.

जागा

हे सगळ्यांत महत्त्वाचे. फुलासाठी रोज चार-पाच तास थेट ऊन लागते. नुसत्या उजेडावर पाने छान येतात, फूल येत नाही. पूर्वेची खिडकी किंवा पूर्वेकडे तोंड असलेला बाल्कांव (घरापुढची बसायची ओसरी) सर्वांत बरा. दक्षिणेची खिडकी ऑक्टोबर ते मार्च उत्तम, पण मे ते ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत सूर्य गोव्याच्या माथ्यावरून किंचित उत्तरेला सरकलेला असतो, तेव्हा त्या खिडकीतून ऊन आत येतच नाही. पश्चिमेच्या एप्रिल-मेमधल्या उन्हाने पानांवर करपल्याचे तपकिरी डाग पडतात. तिथे पातळ पडदा लावा. जुन्या घरांतल्या, काचेऐवजी शिंपले बसवलेल्या खिडक्या सुंदर खऱ्या, पण त्यांतून येणारा मंद उजेड या झाडाला पुरत नाही.

कुंडी आणि माती

मूळचे हे झाड दक्षिण आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याकडचे. १७७३ मध्ये ते लंडनच्या क्यू बागेत पोचले आणि वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ बँक्स यांनी इंग्लंडच्या राणी शार्लट यांच्या माहेरच्या स्ट्रेलित्झ घराण्यावरून त्याचे नाव ठेवले. मुळे जाड, मांसल असतात. पाणी साचले की ती सडतात. आपली तांबडी माती एकटी वापरू नका, पावसात ती घट्ट बसते. दोन भाग तांबडी माती, एक भाग जुने शेणखत किंवा गांडूळखत, एक भाग जाड रेती एवढे पुरे. कोकोपीट (नारळाच्या सोडणाचा भुसा) पाणी धरून ठेवते, ते चिमूटभरच. मातीची कुंडी घ्या, प्लास्टिकपेक्षा ती लवकर सुकते. आधीच्या कुंडीपेक्षा दोन इंचच मोठी हवी, कारण मुळे जरा दाटल्याशिवाय झाड फुलायचे मनावर घेत नाही.

पाणी

बोट दोन इंच मातीत घाला. कोरडे लागले तर खालून पाणी वाहेपर्यंत घाला आणि ताटलीत साचलेले ओतून टाका. एप्रिल-मेमध्ये हे आठवड्यातून दोनदा करावे लागेल. पावसाळ्यात दहा-बारा दिवस पाण्याशिवाय सहज जातात. वार ठरवून पाणी घालणाऱ्यांची झाडे याच महिन्यांत जातात. खालची पाने पिवळी पडून बुंधा मऊ लागला तर पाणी ताबडतोब थांबवा, झाड बाहेर काढून काळी पडलेली मुळे कापा आणि कोरड्या मातीत लावा.

चतुर्थीला पुढची खोली रिकामी करताना कुंडी हमखास मागच्या काळोख्या कोपऱ्यात जाते, तेव्हा वरून माटोळी (गणपतीवर टांगलेली फळा-पानांची आरास) आणि समोर पाहुणे. विसर्जन झाले की आठवणीने तिला खिडकीशी परत आणा. ऑक्टोबरचे ऊन मात्र एकदम दाखवू नका. आठवडाभर सावलीच्या उजेडात ठेवून मग उन्हात सरकवा.

खत, कीड आणि किरकोळ गोष्टी

१९:१९:१९ खत (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेले) अर्ध्या मात्रेत, ऑक्टोबर ते मे या काळात महिन्यातून एकदा. पावसात बंद.

देठांच्या बेचक्यात मुंग्यांची रांग दिसली की आत पिठ्या ढेकूण (कापसासारखी पांढरी कीड) आहे असे समजा, कारण मुंग्या त्याच्या गोड चिकट्यासाठी येतात. स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाने तो पुसून काढा. जास्त पसरला असेल तर लिटरभर पाण्यात पाच मिली कडुनिंबाचे तेल आणि चार थेंब साबण घालून संध्याकाळी फवारा. पाने चिरतात ते नैसर्गिक आहे. समुद्राजवळच्या घरात खारे वारे पानांच्या कडा करपवतात, तेव्हा दर पंधरा दिवसांनी पाने ओल्या फडक्याने पुसावीत. बिया आणि पाने चघळल्यास कुत्र्या-मांजरांचे पोट बिघडते.

फूल आल्यावर

चोचीसारख्या आवरणातून नारिंगी पाकळ्या आणि मध्ये निळा भाला बाहेर येतो. पहिले फूल सुकले तरी देठ कापू नका, त्याच चोचीत आणखी फुले असतात. पुढचे अडकले तर अंगठ्याने अलगद वर काढा.

कुंडीच्या तळातून मुळे डोकावू लागली की पावसाळ्यानंतर झाड विभागता येते. फुटवा शेजाऱ्याला देताना दोन-तीन वर्षे फूल नाही हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर पुढच्याच दिवाळीला ‘तुमचे झाड फुललेच नाही’ असे ऐकावे लागते.