इस्रायल-पॅलेस्टाइनची बातमी वाचताना धर्म नेमका कुठे शोधायचा

आमच्या डेस्कवर नवीन उपसंपादक आला की मी त्याला पहिल्याच दिवशी दोन गोष्टी सांगते. जेरुसलेमच्या बातमीला ‘धर्मयुद्ध पेटलं’ असा मथळा द्यायचा नाही. आणि ‘हे सगळं राजकारण, धर्म फक्त निमित्त’ असं मनाशी धरूनही कॉपीला, म्हणजे बातमीच्या मजकुराला, हात लावायचा नाही. दोन्ही वाक्यं लिहायला सोपी, पण त्यातून वाचकाला काहीच कळत नाही. मी एका मराठी दैनिकात रात्रपाळीला आंतरराष्ट्रीय पान बघते. एजन्सीची कॉपी येते आणि पान सोडायची वेळ होते, त्या मधल्या वेळात मी जी तपासणी करते, ती इथे मांडते आहे. मोबाइलवर बातमी वाचणाऱ्यालाही ती करता येईल.

सगळ्यात आधी जागा पक्की करा. ‘जेरुसलेममध्ये चकमक’ यातून काही हाती लागत नाही. चकमक जुन्या शहरात झाली की बाहेर? जुन्या शहराच्या दमास्कस गेट या दरवाजाच्या पायऱ्यांवर की थेट पवित्र स्थळाच्या आवारात? हे आवार म्हणजे जुन्या शहराच्या आग्नेय कोपऱ्यातली सुमारे ३५ एकर जागा. मुस्लिमांसाठी ती हरम अल-शरीफ, ज्यूंसाठी टेम्पल माउंट. पहिल्या उल्लेखात दोन्ही नावं द्या, म्हणजे आपण कुणाच्या बाजूने बोलतोय अशी शंका वाचकाला येत नाही. सोनेरी घुमटाची इमारत म्हणजे डोम ऑफ द रॉक, खलिफा अब्द अल-मलिकच्या काळात, इसवी सन ६९१-९२ मध्ये पूर्ण झालेली. अल-अक्सा मशीद दक्षिणेच्या टोकाला आहे, तिचा घुमट करडा. फोटोओळीत ही गल्लत वरचेवर होते. मुस्लिम सगळ्या आवारालाच अल-अक्सा म्हणतात हे खरं, पण फोटो एका इमारतीचा असेल तर त्याच इमारतीचं नाव द्यावं. आवाराच्या पश्चिमेची जुनी आधारभिंत ही ज्यूंची प्रार्थनेची जागा. रोमनांनी इसवी सन ७० मध्ये दुसरं मंदिर पाडलं, त्या मंदिराच्या आवाराची ही भिंत.

जागा कळली की पुढचा प्रश्न विचारा, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच : कालपर्यंत इथे काय व्यवस्था होती, आणि आज ती कोणी हलवली?

जून १९६७ च्या युद्धात इस्रायलने जॉर्डनकडून पूर्व जेरुसलेम घेतलं. त्यानंतर संरक्षणमंत्री मोशे दायान यांनी आवाराचा रोजचा कारभार पुन्हा मुस्लिम वक्फकडेच, म्हणजे धर्मादाय मालमत्ता सांभाळणाऱ्या संस्थेकडेच, ठेवला. हा वक्फ जॉर्डनच्या अखत्यारीत चालतो. सुरक्षा इस्रायली पोलिसांकडे आली. ज्यूंनी तिथे जावं, पण प्रार्थना भिंतीपाशी करावी, असं ठरलं. भिंतीलगतच्या मुघ्राबी दरवाजाची किल्ली तेव्हापासून इस्रायलकडे आहे. ही व्यवस्था पोलिसांच्या आणि वक्फच्या सवयीवर, समजुतीवर उभी आहे, म्हणून छोटासा बदलही मोठा ठरतो. कोणी मंत्री आवारात गेला, कोणी ओठातल्या ओठात प्रार्थना म्हटली, कुठे लोखंडी कठडा लागला, मेटल डिटेक्टर बसला, तर या ओळी बातमीच्या शेपटात टाकू नका. वरच्या परिच्छेदात घ्या.

हे आजचं नाही. सप्टेंबर १९२८ मध्ये योम किप्पूरच्या, म्हणजे ज्यूंच्या प्रायश्चित्ताच्या उपवासाच्या, दिवशी भिंतीपाशी ज्यूंनी स्त्री-पुरुषांमध्ये एक पडदा उभा केला. मुस्लिमांना वाटलं, आज पडदा आला, उद्या छप्पर येईल, परवा जागाच जाईल. तेव्हा तिथे राज्य असलेल्या ब्रिटिशांच्या पोलिसांनी ऐन प्रार्थनेत तो पडदा ओढून काढला. वर्षभर वाद धुमसत राहिला आणि ऑगस्ट १९२९ मध्ये दंगली पेटल्या. १३३ ज्यू आणि ११६ अरब मेले. एकट्या हेब्रॉन शहरात ६७ ज्यू मारले गेले, आणि त्याच हेब्रॉनमध्ये बऱ्याच ज्यूंना त्यांच्या अरब शेजाऱ्यांनी घरात लपवून वाचवलं. पडद्यासाठी एवढी माणसं मेली, असं म्हणणं अपुरं आहे. त्यामागे बारा वर्षांपूर्वीचं, पॅलेस्टाइनमध्ये ज्यूंच्या राष्ट्रीय घराला ब्रिटिशांचा पाठिंबा देणारं बाल्फोर घोषणापत्र होतं, ज्यूंचं वाढतं स्थलांतर होतं, जमिनींची खरेदी होती, आपल्याच गावात आपण अल्पसंख्य होणार ही अरबांची भीती होती. ती सगळी भीती त्या कापडावर येऊन साचली. धर्म इथे कसं काम करतो ते कळायला ही घटना मला फार उपयोगी वाटते.

नंतर तारीख बघा, आणि शेजारी दोन कॅलेंडरं ठेवा. ज्यू कॅलेंडर आपल्या पंचांगासारखं चांद्र-सौर आहे, त्यात १९ वर्षांत ७ वेळा अधिक महिना धरतात, त्यामुळे त्यांचे सण ऋतू सोडत नाहीत. इस्लामी कॅलेंडर निव्वळ चांद्र. म्हणून रमजान दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकत सगळ्या ऋतूंतून फिरतो आणि अधूनमधून ज्यूंच्या सणांवर येऊन पडतो. २०२२ मध्ये रमजान, ज्यूंचा पासओव्हर आणि ख्रिश्चनांचा ईस्टर एकाच वेळी आले. असं वर्ष असलं की एकाच गल्लीतून तीन धर्मांची गर्दी जाते आणि पोलीस कुणाला ना कुणाला अडवतात. माझ्या टेबलावरच्या डायरीत वर्षाच्या सुरुवातीलाच रमजानचे शुक्रवार, पासओव्हर, जेरुसलेम दिन (१९६७ मध्ये शहर घेतल्याचा इस्रायलचा दिवस), योम किप्पूर आणि १५ मेचा नकबा दिन लिहिलेले असतात. शेवटचा दिवस धार्मिक नाही. १९४८ मध्ये सात लाखांहून जास्त पॅलेस्टिनींना घरं सोडावी लागली, त्याची ती आठवण. पण डायरीत तो या सणांच्या शेजारीच लागतो.

आता एक बातमी उलगडून बघू. मे २०२१. गाझावर अकरा दिवस बॉम्ब पडले, गाझातून हजारो रॉकेटं सुटली. गाझात अडीचशेच्या आसपास माणसं मेली, इस्रायलमध्ये डझनभर. तेव्हा बहुतेक मथळ्यांत ‘अल-अक्सावरून युद्ध’ असं आलं. थोडं मागे जाऊ. १३ एप्रिलला रमजानची पहिली संध्याकाळ, आणि त्याच संध्याकाळी इस्रायलचा शहीद सैनिकांचा स्मृतिदिन सुरू होत होता. भिंतीपाशी राष्ट्राध्यक्षांचं भाषण होतं. मशिदीच्या अधिकाऱ्यांच्या सांगण्याप्रमाणे, भाषणात व्यत्यय नको म्हणून पोलिसांनी मिनारांवरच्या भोंग्यांच्या तारा कापल्या. त्याच दिवसांत दमास्कस गेटच्या पायऱ्यांवर कठडे लागले. रोजा सोडल्यावर पॅलेस्टिनी पोरं तिथेच गप्पा मारत बसतात. रोज रात्री झटापटी झाल्या आणि २५ एप्रिलला कठडे काढावे लागले.

इथवर धर्म दिसतो. पण त्याच वेळी आवारापासून उत्तरेला शेख जर्राह वस्तीत काही कुटुंबांवर घर सोडायची वेळ आली होती. १९५६ मध्ये जॉर्डन आणि संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेने तिथे २८ निर्वासित पॅलेस्टिनी कुटुंबांना घरं दिली होती. ती जमीन १९४८ पूर्वी ज्यू संस्थांची होती. इस्रायलच्या १९७० च्या कायद्याने पूर्व जेरुसलेममधली अशी जुनी मालमत्ता ज्यूंना परत मागता येते. पश्चिम जेरुसलेममध्ये गेलेलं घर पॅलेस्टिनींना मात्र मागता येत नाही. आपल्याकडे बांधावरून पिढ्यान्‌पिढ्या चाललेले खटले ज्यांनी पाहिलेत, त्यांना सातबाऱ्यावर एकाचाच जुना फेरफार धरायचा आणि दुसऱ्याचा धरायचाच नाही, याने काय होतं ते सांगायला नको. या प्रकरणाची सुनावणी १० मे रोजी सर्वोच्च न्यायालयात होती, आदल्या दिवशी ती पुढे ढकलली गेली.

आणखी खाली बघा. २९ एप्रिलला पॅलेस्टिनी अध्यक्ष महमूद अब्बास यांनी निवडणुका लांबणीवर टाकल्या, त्यांची प्रतिस्पर्धी आणि तेव्हा गाझात सत्तेवर असलेली इस्लामी संघटना हमास हिचा मतांचा मार्ग बंद झाला. ४ मे रोजी इस्रायलचे पंतप्रधान नेतान्याहू यांची नवं सरकार बनवायची मुदत संपली. १० मे रोजी जेरुसलेम दिन, झेंडे घेऊन मोर्चा निघायचा होता. त्या सकाळी पोलीस आवारात शिरले, स्टन ग्रेनेड फुटले, शेकडो जखमी झाले. हमासने संध्याकाळी सहापर्यंत पोलीस मागे घ्या असा इशारा दिला, आणि मग जेरुसलेमच्या दिशेने रॉकेटं सोडली. आता मथळा लिहा. घर, कायदा, निवडणूक, मोर्चा, मशीद, सगळं त्यात मावणार नाही, पण उपमथळ्यात निदान शेख जर्राह तरी येऊ द्या.

धर्म हे नुसतं पांघरूण, असं म्हणणाऱ्यांनाही मी तितकीच अडवते. २५ फेब्रुवारी १९९४ ला, रमजानमधल्या शुक्रवारी आणि पुरीम या ज्यू सणाच्या दिवशी, बारुख गोल्डस्टाइन या ज्यूने हेब्रॉनच्या इब्राहिमी मशिदीत नमाज पढणाऱ्या २९ जणांना गोळ्या घातल्या. पुढच्या वर्षी ४ नोव्हेंबरला इस्रायलचे पंतप्रधान यित्झाक राबिन यांना यिगाल अमीर या ज्यूनेच मारलं, ज्यू धर्मशास्त्रच आपल्याला परवानगी देतं असं मानून. हमासच्या १९८८ च्या सनदेत पॅलेस्टाइनची जमीन ही वक्फ, म्हणजे कुणाला सोडून देता न येणारी, असं लिहिलं आहे. २०१७ च्या दस्तऐवजात त्यांनी आपला झगडा ज्यू धर्माशी नसून झायोनिस्ट, म्हणजे ज्यू राष्ट्रवादी, प्रकल्पाशी असल्याचं म्हटलं. बातमीत पार्श्वभूमी देताना दोन्ही कागद सांगा, एकच नको. २००० च्या कॅम्प डेव्हिडच्या इस्रायली-पॅलेस्टिनी वाटाघाटींत सीमा, व्याप्त भागातल्या ज्यू वसाहती यांवर घासाघीस करता आली, पण आवाराचं सार्वभौमत्व कोणाचं यावर गाडी रुतली. एकरांची देवघेव होऊ शकते, देवाने दिलं असं ज्याला वाटतं ते कोणी सोडत नाही. माझं मत विचाराल तर धर्माने हे भांडण सुरू केलं नाही. ते एका भूमीवरच्या दोन राष्ट्रांचं भांडण आहे. पण मिटवणं अवघड केलं ते धर्माने, आणि १९६७ नंतर दर दशकात जास्तच.

सुरुवात करणारे बहुतेक धार्मिक नव्हतेच. ज्यू राष्ट्राची चळवळ उभारणारे हर्झल नाहीत, इस्रायलचे पहिले पंतप्रधान बेन-गुरियन नाहीत. पॅलेस्टिनींकडे पॉप्युलर फ्रंट ही डावी सशस्त्र संघटना काढणारे जॉर्ज हबाश तर ख्रिश्चन. म्हणूनच ‘ज्यू विरुद्ध मुस्लिम’ हा शब्दप्रयोग पानावरून काढून टाका. त्यात पॅलेस्टिनी ख्रिश्चन गायब होतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये गाझातल्या सेंट पोर्फिरियस या प्राचीन चर्चच्या आवारात आसरा घेतलेली माणसं हवाई हल्ल्यात मेली. तीही पॅलेस्टिनीच. इस्रायली लष्करात लढणारे द्रुझ, म्हणजे अरबी बोलणाऱ्या एका वेगळ्या धर्मपंथाचे लोक, तेही गायब होतात. आणि बाहेरचा माणूस येऊन काडी टाकतो तेही दिसेनासं होतं. २१ ऑगस्ट १९६९ ला अल-अक्सा मशिदीला आग लावणारा डेनिस मायकेल रोहन हा ऑस्ट्रेलियन ख्रिश्चन होता. सलाउद्दीनने बसवलेलं लाकडी मिंबर, म्हणजे प्रवचनाचं व्यासपीठ, त्यात जळून गेलं. महिन्याभरात मोरोक्कोतल्या रबात इथे मुस्लिम देशांची परिषद भरली, त्यातूनच इस्लामी देशांची संघटना उभी राहिली.

एखाद्या धर्मगुरूचं भडक वाक्य कॉपीत आलं, तर त्याच धर्मातला वेगळा आवाजही शोधा. तो असतोच. इस्रायलच्या मुख्य रब्बिनेटची, म्हणजे ज्यू धर्मगुरूंच्या अधिकृत मंडळाची, पाटीच आवाराच्या वाटेवर आहे : जागेच्या पावित्र्यामुळे ज्यूंनी आत जाऊ नये. वसाहतीत राहणारे रब्बी मेनाखेम फ्रोमन हमासचे संस्थापक शेख अहमद यासीन यांना जाऊन भेटत. हमासने ज्याच्या मुलाचं अपहरण करून खून केला, त्या धार्मिक ज्यू बापाने दोन्हीकडच्या शोकग्रस्त कुटुंबांची संघटना १९९५ मध्ये उभी केली. अशा माणसांना मी पानाच्या कोपऱ्यात ढकलत नाही.

नेत्याने धर्मग्रंथ उचलला, तर तो कुणासमोर बोलत होता आणि पुढे काय केलं हे सोबत द्या. ७ ऑक्टोबर २०२३ च्या हल्ल्याला हमासने ‘अल-अक्सा’ हे नाव जोडलं. पण मारलं किबुत्झ, म्हणजे सामूहिक वस्त्यांमधल्या, घरांत आणि संगीत महोत्सवात. सुमारे १,२०० माणसं मेली, २५१ ओलीस नेली. तीन आठवड्यांनी नेतान्याहू यांनी सैन्याच्या मोहिमेबद्दल बोलताना अमालेक या प्राचीन शत्रू टोळीची आठवण करून दिली, जिला समूळ नष्ट करायची आज्ञा बायबलमध्ये आहे. पुढे गाझाच्या आरोग्य खात्याच्या मोजणीत मृतांचा आकडा ६० हजारांच्या पुढे गेला. ही मोजणी नागरिक आणि लढवय्ये वेगळे करत नाही, हे वाक्यही आकड्याला चिकटूनच छापा.

शेवटचं काम, जे आपल्याकडेच असतं. तिकडे भडका उडाला की कुणीतरी सुचवतं, ठाण्याच्या सिनेगॉगला, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनाघराला, फोन लाव, मोहल्ल्यात जाऊन प्रतिक्रिया घे. मी हे करू देत नाही. कोकणातले बेने इस्रायली शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून शनिवार तेली म्हटले गेलेले मराठी ज्यू लोक. इस्रायलला गेल्यावर तिथल्या रब्बिनेटने लग्नासाठी त्यांचं ज्यूपण तपासायला काढलं, त्याविरुद्ध आंदोलन करून त्यांनी १९६४ मध्ये बरोबरीची मान्यता मिळवली. नेतान्याहूंचा हिशेब त्यांच्याकडे मागायचा नसतो, तसाच हमासचा हिशेब भिवंडीच्या कुणाकडे मागायचा नसतो. फोन लावायचाच असेल तर इस्रायलमधल्या लॉडला राहणाऱ्या नातेवाइकांबद्दल विचारा. ज्यू आणि अरब एकाच गल्लीत राहतात असं ते गाव, तिथे मराठी बोलणारी घरंही आहेत. मे २०२१ मध्ये तिथे गाड्या आणि सिनेगॉग जळाले, आणीबाणी लागली. त्या रात्री शेजारी कोण होतं, दार कोणी वाजवलं, सकाळी दुकान उघडलं का, हे विचारा आणि सांगतील तसं लिहून घ्या.