नग तपासला, तरी परत का आला? मशीनशॉप आणि फाउंड्रीतल्या चुका

बेळगावच्या उद्यमबाग, मच्छे, होनगा इथल्या छोट्या युनिटांत एक चित्र नेहमी दिसतं. उद्या गाडी निघायची असते आणि आज संध्याकाळी 500 नगांचा ढीग तपासणीच्या टेबलावर येतो. सेटिंग सकाळी नवाला हललेलं असेल, तर दिवसभराचा माल तसाच निघालेला असतो. म्हणून सेटिंगनंतरचा पहिला नग पास झाल्याशिवाय मशीन चालू करू नका. टूल बदललं, शिफ्ट बदलली किंवा वीज जाऊन आली, तर पुन्हा पहिल्या नगापासून सुरुवात.

दुसरी चूक मोजण्याची. 100 मिमी बोअरला (मशीनने केलेल्या गोल भोकाला) एच 7 टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरक, दिला असेल तर तो सगळा मिळून 0.035 मिमी. तो 0.02 मिमीच्या व्हर्नियरने मोजणं म्हणजे अंदाजपंचे. साधनाचं लघुतम माप टॉलरन्सच्या दहाव्या हिश्शाइतकं असावं, इथे 0.001 मिमीचा बोअर गेज लागतो. त्यातही नग मशीनवरून गरम काढून मोजला की फसगत होते. नग 45 अंश आणि गेज 28 अंशांवर असेल, तर बिडाचा 100 मिमी बोअर साधारण 0.017 मिमी मोठा दिसतो. म्हणजे निम्मा टॉलरन्स तिथेच गेला! गार झाल्यावर तोच बोअर लहान भरतो. नग आणि गेज एकाच जागी, एकाच तापमानाला येऊ द्या.

प्रत्येक नगानंतर ऑफसेट देणारा, म्हणजे टूलच्या जागेत दुरुस्ती करणारा सेटर मेहनती वाटतो, पण फरक तोच वाढवत असतो. सलग 5 नग मोजा, सरासरी एका बाजूला सरकत असेल तरच हात लावा.

कास्टिंगमध्ये (ओतीव नगात) भोक दिसलं की पावसाळ्यात सगळे वाळूकडे बोट दाखवतात. आधी नग कापून बघा. भोक गोल आणि आतून गुळगुळीत असेल तर वायूचा दोष. वाळूतला ओलावा (ग्रीन सँडला, म्हणजे साच्याच्या ओलसर वाळूला, साधारण 3 ते 4 टक्के), व्हेंट (वायू निघायची भोकं) आणि कोअर (पोकळीसाठी साच्यात बसवलेला वाळूचा गाभा) तपासा. जाड भागात खडबडीत, वेडीवाकडी पोकळी असेल तर ते धातू गोठतानाचं आकुंचन आहे. रायझर (गोठताना नगाला जादा धातू पुरवणारा साच्यातला साठा) सुधारल्याशिवाय ते जाणार नाही, वाळू कितीही सुकवा.

एसजी आयर्नमध्ये (मॅग्नेशियम घालून चिवट केलेल्या बिडात) तर नमुना घेण्याची वेळच चुकते. मॅग्नेशियमचा परिणाम मिनिटागणिक उतरत जातो, म्हणून मॅग्नेशियम घातल्यावर साधारण 10 मिनिटांत लॅडल (वितळलेला धातू ओतायचं भांडं) रिकामा व्हायला हवा. नमुना बहुतेक जण पहिल्या साच्याचा घेतात आणि तो नेहमी चांगलाच येतो. लॅडलमधल्या शेवटच्या साच्याचा घ्या.

चेकशीट इंग्रजीत, रात्रपाळीचे कामगार मराठी-कन्नड वाचणारे. मग आठ तासांचे आकडे शिफ्ट संपताना एकाच पेनाने, एका दमात भरले जातात. ऑडिटरला ते पहिल्या नजरेत कळतं. शीट दोन्ही भाषांत छापा, मोजायच्या जागेचं चित्र द्या आणि रकाने पाच-सहाच ठेवा.

तक्रारीच्या उत्तरात ‘ऑपरेटरला समज दिली’ लिहिणं बंद करा. आयएसओ 9001 हे गुणवत्तेचं मानक कारण काढायला सांगतं, समज द्यायला नाही. नग फिक्स्चरमध्ये (मशीनवर नग पकडणाऱ्या साच्यात) उलटा बसत असेल, तर तो उलटा बसूच शकणार नाही अशा जागी एक पिन ठोका.